संगत कोनांची कसोटी

बाबांनी फळ्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती. तिथंच मला शंका आली, कारण बाबा आपलं काम कधी झाकत नाहीत. ते फ्रेमा करतात. फोटो, प्रमाणपत्रं, नकाशे, कुणाच्या आजीनं विणलेली फुलं, जे येईल त्याला चौकट. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फ्रेमचा कोपरा दाखवायची त्यांना भारी हौस. "नख घालून बघा," असं ते म्हणतात. पंचेचाळीस अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या जोडल्यावर मधल्या फटीत नख जाता कामा नये. गेलं, तर ते फ्रेम मोडून नव्यानं करतात, गिऱ्हाईक नको नको म्हणत असलं तरी.

मी रजेवर घरी आले होते. पदवी झाल्यापासून मी दुसऱ्या गावी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सणासुदीलासुद्धा क्वचितच येते. त्या वेळी आले ती मुंगीच्या परीक्षेसाठी.

मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी ती हरवली की साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून मुंगी. आता ती नववीत आहे आणि तिला दिसत नाही. डोळ्यांमागचा पडदा कडेनं मरत मरत आत येत गेला. आधी ती संध्याकाळच्या उजेडात खुर्च्यांना धडकायला लागली, तेव्हा आम्ही तिला वेंधळी म्हणालो. मग बाजूनं कोणी आलेलं तिला कळेना. शेवटी शेवटी किल्लीच्या भोकाएवढं जग उरलं होतं, तेही गेल्या उन्हाळ्यात बंद झालं. डॉक्टरांनी हे सगळं आधीच क्रमवार सांगितलं होतं. आई त्याच दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे तिला तर दोनदा ऐकावं लागलं, एकदा आमच्याबरोबर आणि एकदा कामावर. सगळं त्याच क्रमानं झालं.

शाळेनं तिला वर्गात ठेवून घेतलं होतं, पण अडचण भूमितीची होती. बीजगणित तोंडी होतं, भाषा कानानं होते, आकृतीचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आईबाबांना बोलावून सांगितलं की सहामाहीनंतर समांतर रेषांच्या धड्यावर तिची तोंडी परीक्षा घेऊ, हाताला लागतील अशा आकृत्या देऊन. जमलं तर दहावीपर्यंत ती इथंच शिकेल. नाही जमलं तर अंध मुलींच्या निवासी शाळेत घालावं, तिथं भूमितीऐवजी दुसरा विषय घेता येतो. शाळा चांगली आहे, पण सकाळी निघालं तर अंधार पडता पडता पोचतो इतकी लांब.

मुंगीला जायचं नव्हतं. पहिलीपासूनचा तिचा वर्ग, तिचा बाक, बाकावरची मैत्रीण इथं होती. "तिकडे सगळ्याच आंधळ्या," ती फोनवर मला म्हणाली होती. "आंधळी कोशिंबीर खेळायची झाली तर राज्य कुणावर?" हसली होती. मग फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाली, "ताई, मला भूमिती शिकव. मला इथंच राहायचंय."

म्हणून बाबांनी फळा केला होता. जुन्या टेबलाची वरची अख्खी फळी घेऊन त्यावर दोन लांब लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, एक डाव्या हाताला, एक उजव्या, मध्ये खांद्याएवढं अंतर, म्हणजे एकेक हात एकेका पट्टीवर मोकळा ठेवता यावा. दोन्ही पट्ट्यांना तिरकी छेदून जाणारी तिसरी पट्टी म्हणजे छेदिका. शिवाय कोन ताडायला एक साधन केलं होतं. एका स्क्रूवर फिरणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या. त्या एका कोनात बसवायच्या, स्क्रू आवळायचा, आणि तोच कोन उचलून दुसरीकडे बसतो का ते बघायचं. मुंगी त्याला कात्री म्हणायची. खरं तर झकास कल्पना होती. समांतर रेषांना छेदिका छेदते तेव्हा दोन्हीकडे एकाच जागी होणारे कोन, म्हणजे संगत कोन, समान असतात. अंश वाचता आले नाहीत तरी समान आहेत की नाहीत हे कात्रीनं बोटांना कळतं.

मी चादर उचलली. उजवी पट्टी सरळ सरळ तिरकी होती. आपल्याकडची टोकं जवळ, पलीकडची लांब फाकलेली. लहान पोरानंही लांबून सांगितलं असतं की या समांतर नाहीत.

बाबा काचेला फडकं मारत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू बोल. ती आत आहे."

"मी काहीच बोलले नाही अजून."

"बोलणार आहेस."

"गुण्या लावला होता का तुम्ही?"

"लावला होता का म्हणजे?" त्यांना हे फार लागलं. "पहिल्यांदा लावल्या तेव्हा केसाचाही फरक नव्हता. वरून मोजलं, खालून मोजलं."

मग त्यांनी सांगितलं. मुंगीनं दोन्ही पट्ट्यांवर हात ठेवले आणि लगेच म्हणाली, बाबा, या पुढे जवळ येतायत. बाबांनी पुन्हा टेप लावली. दोन्हीकडे सारखंच. ती म्हणाली, नाही, येतात जवळ, नीट बघा ना. बाबा म्हणाले, अगं नाहीत येत. असं होता होता ती गप्प झाली आणि हात मांडीवर घेऊन बसली. बाबांना ते बघवेना. त्यांनी उजव्या पट्टीचा पलीकडचा खिळा उपटला आणि म्हणाले, मग तूच लाव. तिनं पट्टी हळूहळू बाहेर सरकवली, पुन्हा पुन्हा दोन्ही हात फिरवून पाहिले, आणि मनासारखं झाल्यावर म्हणाली, आता बरोबर! मी म्हटलं नव्हतं?

"हसली," बाबा म्हणाले. "उन्हाळ्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. मी तिथंच खिळा ठोकला. म्हटलं, खरंच गं बाई, माझंच चुकलं होतं."

"बाबा!"

"मग काय सांगायचं होतं? डोळे गेले तिचे. आता हातही चुकतात म्हणून सांगू? तूच सांग मग. तू शिकलेली आहेस."

"आणि कात्री? या फळ्यावर संगत कोन जुळणारच नाहीत."

ते फडकं झटकत राहिले. "मी म्हटलं स्क्रू सैल आहे."

"मग?"

"मग स्क्रू बदलून दिला."

"मग?"

"मग म्हटलं," ते काचेकडे बघत म्हणाले, "की तूच नीट धरत नाहीस."

आत मुंगी खिडकीपाशी बसून धडा म्हणत होती. मला बघून, म्हणजे माझी पावलं ऐकून, तिनं जागा करून दिली. संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन, सगळं तिला धडाधड येत होतं. कुठला कोन कुठे पडतो तेही हवेत बोटांनी काढून दाखवायची.

"पण माझे जुळत नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"संगत कोन. सगळ्यांचे जुळतात. बाईंचे जुळतात, पुस्तकातले जुळतात. पट्ट्या समांतर आहेत, बाबांनीही तसंच सांगितलंय, तरी मी कात्री लावली की एक कोन मोठा येतो. स्क्रूचा प्रॉब्लेम नाही. माझ्या हातातच काहीतरी खोट आहे."

काय बोलावं ते ठरवायला मला वेळ हवा होता.

दुसऱ्या दिवशी आईबाबा बाहेर गेले असताना मी फळ्यापुढे बसले. एक गोष्ट मला डाचत होती. मुंगीचा हात चुकला हे एक वेळ समजण्यासारखं होतं, पण तो थोडाथोडका चुकला नव्हता, आणि एकाच बाजूला चुकला होता. चूक अशी एका दिशेनं होत असेल तर तिला कारण असतं. प्रयोगशाळेत आम्ही हेच शिकतो. वजनकाटा रोज तेवढाच जास्त दाखवत असेल तर हात थरथरतो म्हणून भागत नाही. मी उजव्या पट्टीचा खिळा काढला, डोळे घट्ट मिटले, आणि दोन्ही हातांनी चाचपत ती डाव्या पट्टीला समांतर लावली. अगदी खात्री झाल्यावर डोळे उघडले.

पट्टी फाकलेली होती. मुंगीनं लावली होती तशीच, त्याच बाजूला.

पुन्हा केलं. आता उत्तर माहीत होतं, तरी डोळे मिटले की हाताला तीच तिरकी पट्टी सरळ वाटायची आणि सरळ पट्टी आत झुकलेली. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की हे प्रयोग पूर्वीच झाले आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं, डोळस असोत की अंध. हात बाजूला जातो तसा वळत जातो, आणि मेंदू पट्टीची दिशा थोडीफार त्या वळलेल्या हातावरूनच मोजतो. आपल्याला हे कधी कळत नाही, कारण आपण डोळे उघडे ठेवतो.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मुंगीच्या हातात काही खोट नव्हती. तिचे हात जगातल्या सगळ्या हातांसारखे होते.

दुपारी मुंगी शेजारच्या काकूंकडे गेली होती. आईबाबा आल्या आल्या मी बाबांच्या डोळ्यांवर आईचा दुपट्टा बांधला.

"हा काय चावटपणा?" बाबा म्हणाले, पण बसले.

"पट्टी समांतर लावा. हातांनी."

"हे मला सांगतेस? झोपेत लावीन."

"तेच म्हणतेय. झोपेत आहात असं समजा."

आई दारातल्या खुर्चीत चपला न काढताच बसली. बाबांनी बोटं फिरवली, अंगठा लावून बघितलं, मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. त्यांची कामाची लय लागली होती. पट्टी जरा बाहेर, अजून जरा, मग किंचित आत. "झालं," ते म्हणाले. "नख घालून बघा."

आईला हसू आवरेना. "अहो, नख कसलं, मांजर जाईल! हे काय, बैलाची शिंगं केलीत की!"

बाबांनी दुपट्टा ओढून काढला आणि बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू माझ्यासारखाच आनंद पसरला. त्यांनी गुण्या घेतला, टेप घेतली, मोजलं, आणि मोठ्यांदा म्हणाले, "अगं, हे तर मुंगीनं लावलं होतं अगदी तस्संच! तेवढंच वाकडं! म्हणजे पोरीचे हात ठणठणीत आहेत!"

"मी कुठं वाकडं लावलं होतं?"

ती दारात उभी होती. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात काकूंनी दिलेली वाटी. कधीपासून उभी होती कोण जाणे. आई खुर्चीतून अर्धवट उठली.

"मी वाकडं कुठं लावलं होतं?" तिनं पुन्हा विचारलं. "मी लावलं ते बरोबर होतं ना? तुमचं चुकलं होतं ना, बाबा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे.

मुंगी आत आली, वाटी चाचपून टेबलावर ठेवली. "किती वाकडं?"

उत्तराची वाट न बघता ती फळ्याशी गेली. कात्री तिच्या जागेवर टांगलेली होती. तिनं ती डावीकडच्या कोनात बसवली, स्क्रू आवळला, उजवीकडे नेली. पट्टी आणि कात्री यांच्या मध्ये राहिलेल्या जागेत तिची दोन बोटं आडवी मावली.

"म्हणजे स्क्रू सैल नव्हता," ती म्हणाली.

"बाळा, त्यांनी तुझ्यासाठीच..." आईनं सुरुवात केली.

"आणि मी कात्री नीटच धरत होते."

"हो," बाबा म्हणाले. "नीटच धरत होतीस."

मी मग घाईघाईनं सगळं सांगितलं. सगळ्यांचे हात असेच फसतात, माझेही फसले, बाबांचे तर आत्ताच फसले, मेंदू दिशा कशी मोजतो, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे तुमचेही चुकतात, पण तुम्ही बघून दुरुस्त करता."

"हो."

"आणि मी कुणाला विचारून दुरुस्त करायचं, तर तुम्हाला." मग आईच्या दिशेला वळून तिनं विचारलं, "हा ड्रेस कुठल्या रंगाचा आहे?"

"निळा. तुझा निळाच तो."

"कशावरून?"

निळा आहे हे दाखवण्याखेरीज ते सिद्ध करायचा दुसरा काही मार्ग नव्हता. संध्याकाळी मुंगीनं काकूंच्या नातीला बोलावून तोच प्रश्न विचारला. निळा, असं नात म्हणाली. मुंगीनं मान हलवली, आणि मग तिला चॉकलेट देऊन पुन्हा विचारलं, माझ्या आईनं तुला काही सांगून ठेवलंय का?

त्याच दिवशी बाबांनी फळा सरळ केला. मुंगीनं कात्री लावून ताडून पाहिलं आणि कोन तंतोतंत जुळले. मला वाटलं, चला, सुटलो. परीक्षेपर्यंतचे दिवस मी तिला शिकवत होते, आणि सुरुवातीला तर ती अशी शिकली की मीच थक्क झाले. धड्यात दोन गोष्टी असतात. एक कसोटी: संगत कोन समान असतील, तर रेषा समांतर. दुसरा गुणधर्म: रेषा समांतर असतील, तर संगत कोन समान. पोरं दोन्हींची नेहमी खिचडी करतात. मुंगीनं कधी केली नाही. कसोटी तिला मनापासून आवडली. मी फळ्यावरची पट्टी मनात येईल तशी लावायची आणि ती कात्री घेऊन सांगायची, समांतर, नाही, नाही, समांतर, नाही. एकदाही चुकली नाही. "हात काही म्हणू दे," ती म्हणायची, "कोन जुळले की झालं. इथं कुणाला विचारावं लागत नाही."

गुणधर्म मात्र तिच्या गळी उतरेना. तो तिला समजत नव्हता असं नाही. "समजा, या दोन रेषा समांतर आहेत," असं मी म्हटलं की तिचा हात आपोआप कात्रीकडे जायचा.

"मोजायचं नाही, मुंगे. समांतर आहेत असं दिलेलं आहे. तो पक्ष आहे."

"कुणी दिलाय?"

"प्रश्न घालणाऱ्यानं."

"त्याला कसं कळलं?"

"त्याला कळायची गरज नाही. आपण धरून चालायचं."

"मी एक महिना धरून चालत होते," ती म्हणाली. तिनं कात्री लावली, मोजलं, समांतर आहेत अशी स्वतःची खात्री करून घेतली आणि मगच पुढची सिद्धता घडाघडा सांगितली. उत्तर बरोबर होतं. वेळ मात्र तिप्पट गेला. मी मनाशी म्हटलं, परीक्षेला सवय मोडेल.

घरातही ती अशीच वागू लागली होती. मिठाचा डबा देताना आई "मीठ" म्हणाली तरी बोट जिभेला लावून बघायची. बाबा "पायरी आहे" म्हणाले की पाय पुढे करून पायरी शोधायची, मग उतरायची. रागावलेली अशी नव्हती. रुसली असती तर आम्हाला समजूत घालता आली असती. ती नीट बोलायची, जेवायची, विनोद करायची. बाबांनी एकदा तिला विचारलं, "अजून माझा राग आहे का गं?" ती म्हणाली, "नाही हो." आणि ते खरं होतं असं मला वाटतं.

परीक्षा मोठ्या बाईंच्या खोलीत झाली. मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते. भूमितीच्या बाईंनी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून आकृत्या केल्या होत्या. सुट्टीचा अख्खा दिवस त्यात गेला असणार. बोटांना सरस लागून कातडी निघालेली दिसत होती. त्यांना मुंगी पास व्हायला हवी होती, हे त्यांच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं.

"ही पहिली आकृती. दोन रेषा, एक छेदिका. रेषा समांतर आहेत का, आणि का, ते सांग."

मुंगीनं कात्री लावली. क्षणात सांगितलं, कसोटीसकट, सिद्धतेसकट. मोठ्या बाई कौतुकानं "वा" म्हणाल्या. भूमितीच्या बाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"आता ही दुसरी. या दोन रेषा समांतर आहेत. छेदिकेचा हा कोन सत्तर अंशांचा. तर हा खालचा कोन किती?"

मुंगीचा हात कात्रीकडे गेला.

"मोजायचं नाही गं, राणी. सत्तर मी सांगितलाय."

"सत्तरचं नाही बघत. समांतर आहेत का ते बघते."

"आहेत. ते दिलेलं आहे."

पण तिनं कात्री बसवली होती. इकडून तिकडे नेली, बोट फिरवलं, पुन्हा नेली. "नाहीत," ती म्हणाली.

बाईंनी वाकून पुठ्ठा पाहिला. खालची सुतळी सरस वाळताना एका टोकाशी सरकली होती. फार नाही, जराशीच. "अरे हो, किंचित सरकलंय. असू दे. समांतर आहेत असं धर."

"पण नाहीत."

"आकृती कच्ची असते, बाळ," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुस्तकातल्यासुद्धा कच्च्याच असतात. वर्गातल्या मुली धरूनच चालतात की."

"त्यांना दिसतं ना किती कच्ची आहे ते," मुंगी म्हणाली. उद्धटपणे नाही, माहिती दिल्यासारखं.

भूमितीच्या बाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "बरं, हे बघ. असतील का नसतील ते जाऊ दे. असतील तर? असतील तर तो कोन किती होईल? एवढं एकच सांग."

मी खुर्चीची कड धरली होती. सत्तर. एक शब्द. तिला झोपेतून उठवून विचारलं तरी तो येत होता. मुंगीनं सुतळीवर पुन्हा बोट फिरवलं, जिथं ती सरकली होती तिथं थांबली, आणि म्हणाली, "घरीही असंच सांगितलं होतं."

बाईंना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी आणखी दोन आकृत्या दिल्या. दोन्हींत रेषा समांतर दिल्या होत्या, आणि मुंगी दोन्हींत सुरुवातीलाच अडून बसली. एकीत पुठ्ठा बरोबर निघाला तेव्हा तिनं सगळं उत्तर दिलं, पण तोवर परीक्षेची वेळ संपली होती.

बाहेर व्हरांड्यात भूमितीच्या बाई मला म्हणाल्या, "येतं हो तिला. वर्गात कुणाला येत नाही इतकं येतं. मी स्वतः पोरींना बजावते, दिसतंय म्हणून समांतर धरू नका. पण पक्षच मान्य केला नाही तर मी काय करू? बोर्डाच्या पेपरात प्रत्येक प्रश्न 'समजा'नं सुरू होतो. तिथं तिच्याशी वाद घालायला कुणी नसेल. ती कोरा पेपर देऊन येईल." मोठ्या बाईंचंही तेच म्हणणं पडलं. निकाल त्यांनी त्याच दिवशी दिला, फार प्रेमानं.

घरी येताना मी मुंगीला म्हटलं, "'असतील तर सत्तर', एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? तुलाच राहायचं होतं ना इथं?"

"हो," ती म्हणाली. तिचा हात माझ्या कोपरावर होता. "मलाच वाटलं होतं म्हणीन. तोंडापर्यंत आलं होतं, ताई. पण बाईंनी 'असू दे, धर' म्हटलं आणि मग नाहीच निघालं." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "रडू नकोस. रस्त्यात लोक बघतात." मी रडत नव्हते असं सांगणार होते, पण सांगून उपयोग नव्हता, आणि तसंही मी रडत होते.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मोठ्या बाईंपुढे त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला, फळ्याची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "कारण कळलं म्हणून अडचण सुटते असं नाही हो." मी त्या वेळी बाहेर उभी होते. मला त्यांचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं.

नव्या सत्राच्या आदल्या दिवशी मी आणि बाबा तिला निवासी शाळेत सोडायला गेलो. आईला दवाखान्यात रजा मिळाली नाही, किंवा तिनं मागितली नाही. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. लांबट खोली, ओळीनं पलंग, प्रत्येक पलंगाच्या पायाशी एक लोखंडी कपाट. वॉर्डन बाई बोलक्या होत्या. "हा तुझा पलंग. खिडकी डाव्या हाताला. नळ दाराबाहेर, उजवीकडे." मुंगीनं मान हलवली आणि एकेक करत जाऊन सगळं गाठलं, खिडकी, दार, नळ. वॉर्डन बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथं सगळ्याच मुली तसंच करत असाव्यात.

शेजारच्या पलंगावरून आवाज आला, "नवीन का गं? घोरतेस का?"

"मला कसं कळणार?" मुंगी म्हणाली. "उद्या तू सांग."

"दोघींना विचार हं," दुसरीकडून कुणीतरी ओरडलं. "ती थापाडी आहे." सगळ्या हसल्या, मुंगीही हसली.

बाबांनी तिची बॅग कपाटात लावून दिली. कपड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या, कपाटाचं दार दोनदा उघडमिट करून पाहिलं, बिजागरीला तेल हवं असं पुटपुटले. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केले, पण तिला न सांगता अंगाला हात लावायचा नाही हे ते आता शिकले होते, म्हणून हात तसेच हवेत राहिले.

"मी पुढच्या महिन्यात येईन गं," ते म्हणाले. "नक्की येईन."

मुंगीनं आवाजाच्या दिशेला चेहरा केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. सिद्धतेतली पुढची पायरी सांगावी तसं तिनं सांगितलं.

"आलात की कळेल, बाबा."